लॅपटॉपमधली एसएसडी : वेग किती खरा आणि फर्मवेअरला वाली कोण?



गणपती असो, दिवाळी असो की संक्रांतीचे हळदीकुंकू, जेवणाच्या रांगेत आम्हा संगणकवाल्यांना एक प्रश्न हमखास येतो. "अरे, लॅपटॉप फार हळू चालतोय, नवीनच घेऊ का?" आम्ही विचारतो, "काका, त्यात एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क?" उत्तर ठरलेले, "ते काही ठाऊक नाही बुवा, पण पाचशेची आहे!" मग हातात ताट घेऊनच आमचे पाच मिनिटांचे प्रवचन होते आणि तोवर भजी संपतात.

या वेळी मात्र हे सविस्तर लिहायचे ठरवले, त्याला कारण घडले. आमच्या ओळखीच्या एका घरातला लॅपटॉप रात्री व्यवस्थित बंद केला आणि सकाळी सुरू केला तर पडद्यावर एकच ओळ, ड्राइव्ह सापडत नाही. मुलीच्या बारशापासून पहिलीपर्यंतचे सगळे फोटो आणि आजोबांच्या शेवटच्या अमेरिका भेटीचे व्हिडिओ त्यात होते. दुसरी प्रत कुठेही नव्हती. डेटा परत मिळवून देणाऱ्यांनीही हात टेकले. आम्ही नंतर शोधले तेव्हा समजले, की लॅपटॉप कंपनीच्या सपोर्टच्या पानावर काही महिन्यांपूर्वीच त्या ड्राइव्हचे नवे फर्मवेअर येऊन पडले होते आणि त्याच्या माहितीत नेमका हाच दोष दुरुस्त केल्याचे लिहिले होते. पण ते पान उघडून बघायचे असते हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आम्हीही त्यांना कधी सांगितले नव्हते.

म्हणून हा लेख. लॅपटॉप घेताना आपण सगळे वेगाचे आकडे बघतो, पण फर्मवेअरचा आधार कोण आणि किती देणार, हे कोणी विचारत नाही.

एसएसडीच्या आत चालते काय?

जुनी हार्ड डिस्क म्हणजे ग्रामोफोनच समजा. तबकडी फिरते, वर काटा सरकतो, हवी ती जागा खाली आली की वाचतो. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, फक्त फ्लॅश मेमरीच्या चिप्स. त्यामुळे ती वेगवान आणि धक्का सोसणारी.

पण या चिप्सची एक खोड आहे. शाळेतली पाटी आठवा. पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण समजा, पुसायची तर अख्खी पाटीच पुसावी लागते. फ्लॅश मेमरीत अगदी असेच असते. लिहिताना छोटे पान लिहिता येते, पण पुसताना शेकडो पानांचा पूर्ण ब्लॉकच पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक पाटी ठराविक वेळाच पुसता येते, नंतर ती झिजते.

मग एक ओळ बदलायची झाली तर? एसएसडी ती ओळ दुसऱ्याच कोऱ्या पाटीवर लिहिते आणि "अमुक ओळ आता तमुक पाटीवर" अशी नोंद वहीत करते. सगळ्या पाट्या सारख्याच झिजाव्यात म्हणून आलटून पालटून वापरते. रिकामा वेळ मिळाला की अर्ध्यामुर्ध्या पाट्यांवरचा कामाचा मजकूर एकत्र करून बाकीच्या पुसून ठेवते. हा सगळा हिशेब ठेवणारे दिवाणजी म्हणजे ड्राइव्हवरचा कंट्रोलर आणि दिवाणजींची नियमावली म्हणजे फर्मवेअर. दिवाणजींची वही हरवली तर पाट्यांवर सगळे लिहिलेले असूनही काहीच सापडत नाही. आमच्या त्या ओळखीच्या घरी झाले ते बहुधा असेच.

वेगाचे आकडे : कागदावरचे आणि हातातले

आता जाहिरातीतले आकडे बघू. सलग मोठी फाइल वाचण्याचा वेग साधारण असा असतो :

- लॅपटॉपची जुनी ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क : सेकंदाला सुमारे १०० एमबी
- साटा जोडणीची एसएसडी : सुमारे ५५० एमबी
- एनव्हीएमई, पीसीआय एक्सप्रेस तिसरी पिढी : सुमारे ३५०० एमबी
- चौथी पिढी : सुमारे ७००० एमबी
- पाचवी पिढी : १४,००० एमबीपर्यंत

हे वाचून वाटते, की पाचव्या पिढीची एसएसडी साटाच्या पंचवीस पट वेगवान. कागदावर ते बरोबरच आहे. पण लॅपटॉप सुरू होणे, ईमेल उघडणे, ब्राउझर चालणे या कामांत सलग मोठी फाइल क्वचितच वाचली जाते. तिथे ४ किलोबाइटचे हजारो तुकडे इथून तिथून गोळा करायचे असतात. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला तबकडी फिरून काटा जागेवर यायला दरवेळी पंधरा-सोळा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम साठ तुकडे. हा हिशेब अडीचशे किलोबाइटच्याही आतच राहतो. हेच तुकडे एकामागून एक घेतले तर साधी साटा एसएसडीही सेकंदाला ३० ते ४० एमबी देते आणि चांगली एनव्हीएमई ६० ते ८० एमबी.

यातून काय दिसते? हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर जाणे म्हणजे बैलगाडीतून उतरून डेक्कन क्वीनमध्ये बसणे. पण साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर फरक दुपटीचा आणि चौथ्या पिढीवरून पाचव्या पिढीवर गेलात तर घरगुती कामात फरक जाणवणारही नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांची किंवा मोठमोठ्या फाइली हलवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी ते पैसे जास्त रॅम किंवा जास्त जागा घेण्यात घालावेत.

जाहिरातीत न सांगितल्या जाणाऱ्या आणखी काही गोष्टी :

पहिली, तात्पुरता वेग. फ्लॅशच्या एका पेशीत एक बिट साठवला तर एसएलसी, तीन साठवले तर टीएलसी, चार साठवले तर क्यूएलसी. जितके जास्त बिट, तितकी स्वस्त, पण लिहायला हळू आणि लवकर झिजणारी. हे झाकण्यासाठी ड्राइव्ह काही भाग तात्पुरता एसएलसीसारखा वापरते. तो भाग भरेपर्यंत सगळे सुसाट, मग एकदम बैलगाडी. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या १ टीबीच्या ड्राइव्हचे उदाहरण घ्या. कंपनीच्याच माहितीपत्रकाप्रमाणे जास्तीत जास्त ४२ जीबी लिहून झाले की लिहिण्याचा वेग ५३० वरून ८० एमबीवर येतो. रोजच्या कामात हे कळणार नाही, पण दोनशे जीबीचे फोटो एकदम टाकायला गेलात की नक्की कळेल.

दुसरी, चिप्सची संख्या. कंट्रोलर अनेक चिप्सवर एकाच वेळी काम करतो, म्हणून कमी जागेची ड्राइव्ह बहुधा हळू असते. ॲपलच्या २०२२ च्या एम२ मॅकबुक एअरमध्ये २५६ जीबीसाठी दोनऐवजी एकच चिप वापरली होती. त्यामुळे त्याचा वाचनाचा वेग आधीच्या एम१ एअरच्या जवळजवळ निम्मा निघाला. ५१२ जीबीच्या एअरला हा त्रास नव्हता. नाव तेच, वर्ष तेच, वेग मात्र वेगळा!

तिसरी, नाव तेच, माल वेगळा. २०२१ मध्ये क्रुशियलच्या पी२ या ड्राइव्हमध्ये नाव न बदलता टीएलसीच्या जागी क्यूएलसी चिप्स आल्या. सुरुवातीची परीक्षणे वाचून घेणाऱ्यांच्या हाती वेगळाच माल पडला. म्हणून परीक्षण वाचताना त्याची तारीखही बघा.

फर्मवेअर चुकले तर काय होते?

"एकदा घेतली की झाले, त्यात कसले आलेय अपडेट?" असे पुष्कळांना वाटते. त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

इंटेलची एक्स२५-एम ही गाजलेली एसएसडी २००८ मध्ये आली. पुढे विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये ट्रिम नावाची सोय आली. आपण फाइल पुसली, की "या पाट्या आता मोकळ्या समज" असे ऑपरेटिंग सिस्टीम ड्राइव्हला कळवते. ती सोय नसेल तर ड्राइव्ह भरत जाते तसतशी मंदावते. इंटेलने एक्स२५-एमच्या दुसऱ्या पिढीला फर्मवेअरमधून ट्रिम दिले, पहिल्या पिढीला दिलेच नाही. ड्राइव्हचे नाव दोन्हींचे एकच! शिवाय दुसऱ्या पिढीसाठी ऑक्टोबर २००९ मध्ये आलेले ते फर्मवेअर काहींच्या ड्राइव्ह बंद पाडू लागले. ते लगेच मागे घ्यावे लागले आणि सुधारून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिले गेले. यातून दोन धडे मिळतात. आधार मिळणे गृहीत धरू नये आणि अपडेट आल्या दिवशी उडी मारू नये.

पुढची यादीही वाचण्यासारखी आहे :

- २०११ : इंटेलच्या ३२० मालिकेतल्या काही ड्राइव्ह अचानक वीज गेल्यावर स्वतःची क्षमता फक्त ८ एमबी सांगू लागल्या. सगळा डेटा हातचा गेला. ऑगस्टमध्ये सुधारित फर्मवेअर आले.
- २०१२ : क्रुशियल एम४ ही ड्राइव्ह एकूण ५१८४ तास चालली की अडकायची. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की तासभर चालायची, मग परत अडकायची. रोज आठ तास वापर धरला तर हे ६४८ दिवसांनी, म्हणजे पावणेदोन वर्षांनी. किती जणांनी लॅपटॉपच बिघडला समजून टाकून दिला असेल! जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या फर्मवेअरने दोष गेला.
- २०१४-१५ : सॅमसंग ८४० इव्होवर बरेच महिने न हललेला जुना डेटा वाचायला फार वेळ लागू लागला. ऑक्टोबर २०१४ मध्ये उपाय आला, पण दुखणे परतले. एप्रिल २०१५ मध्ये दुसरा उपाय द्यावा लागला.
- २०१९ : एचपी एंटरप्राइजच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तासांनी कायमच्या बंद पडणार, असा इशारा खुद्द कंपनीने नोव्हेंबरमध्ये दिला. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा आकडा बघताच घाम फुटतो. एकाच दिवशी बसवलेल्या ड्राइव्ह एकाच दिवशी मरणार!
- २०२३ : सॅमसंग ९८० प्रोच्या एका फर्मवेअरमुळे काही ड्राइव्ह, विशेषतः २ टीबीच्या, फक्त वाचता येतील अशा होऊन बसू लागल्या. लिहिणे बंद. दोषाच्या आधी नवे फर्मवेअर घातले असेल तरच बचाव.
- २०२४ : विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर डब्ल्यूडीच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टीबीच्या ड्राइव्ह असलेले संगणक निळ्या पडद्यावर कोसळू लागले. या ड्राइव्हना स्वतःची रॅम नसते, त्या लॅपटॉपच्या रॅममधून थोडी उसनी घेतात. त्या उसनवारीचा हिशेब चुकला होता. तोही फर्मवेअरनेच सुटला.

बघा, यात लहानसहान कंपनी एकही नाही. चुका सगळ्यांच्याच होतात. आपण बघायचे ते हे, की चूक मान्य करून दुरुस्ती कोण देते आणि ती आपल्यापर्यंत पोचते का.

दुरुस्ती पोचवणार कोण?

इथेच खरी मेख आहे. ड्राइव्ह तुमच्याकडे कोणत्या वाटेने आली त्यावर सगळे ठरते.

१. तुम्ही दुकानातून सुटी घेऊन बसवली असेल, तर ड्राइव्हच्या कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर घाला. सॅमसंगचे मॅजिशियन, क्रुशियलचे स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, डब्ल्यूडी आणि सॅनडिस्कचे डॅशबोर्ड. नवे फर्मवेअर असले तर तिथेच दिसते.

२. लॅपटॉपबरोबर आतच आली असेल, तर चिप्स सॅमसंगच्या असल्या तरी फर्मवेअर बहुधा लॅपटॉप कंपनीसाठी वेगळे केलेले असते. मॅजिशियन अशा ड्राइव्हला बहुधा अपडेट देत नाही. त्यावर "अपडेट नाही" म्हणजे "सगळे ठीक" असा अर्थ काढू नका. लॅपटॉपच्या तळाचा क्रमांक घेऊन डेल, एचपी किंवा लेनोव्होच्या सपोर्टच्या पानावर जा आणि स्टोरेजच्या विभागात बघा. त्यांची स्वतःची अपडेट सॉफ्टवेअरेही असतात, पण वर्षातून एक-दोनदा पान स्वतः बघितलेले बरे.

३. ॲपलचा लॅपटॉप असेल, तर फर्मवेअर मॅकओएसच्या अपडेटबरोबरच येते. "नंतर आठवण कर" हे बटण दाबत दोन वर्षे काढू नका, एवढेच पथ्य.

४. लिनक्स वापरणाऱ्यांना एफडब्ल्यूअपडी या सोयीतून काही कंपन्यांचे फर्मवेअर मिळते, पण सगळ्यांचे नाही.

आणखी एक गोष्ट, कंपन्या स्वतःच बदलतात. एकेकाळी वेगासाठी नावाजलेली ओसीझेड २०१३ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि २०१४ मध्ये तोशिबाने तिची मालमत्ता घेतली. इंटेलने आपला फ्लॅशचा धंदा एसके हायनिक्सला विकला. त्या एसएसडींचा आधार आता सोलिडाइम या नावाखाली मिळतो, इंटेलच्या पानावर शोधत बसू नका. सॅनडिस्क फेब्रुवारी २०२५ मध्ये डब्ल्यूडीपासून वेगळी झाली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियलचा घरगुती ग्राहकांचा धंदा बंद करण्याचे जाहीर केले, वॉरंटीची जबाबदारी मात्र कायम ठेवली. आपल्या ड्राइव्हचा सध्याचा वाली कोण, हे एकदा पाहून ठेवावे.

अपडेट करताना

- आधी सगळ्याची दुसरी प्रत. हे झाल्याशिवाय पुढचे काही करू नका.
- विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन आपल्या नकळत चालू असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर उतरवून ठेवा आणि अपडेटपुरते बिटलॉकर थांबवा. नाहीतर अपडेट नीट होईल आणि कुलूपच उघडणार नाही!
- बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जरही लावलेला हवा. पडदा मध्येच बंद करू नका.
- माहितीत डेटा जाण्याचा किंवा ड्राइव्ह बंद पडण्याचा दोष लिहिला असेल तर त्याच आठवड्यात करा. नुसती किरकोळ सुधारणा असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, इतरांचे काय होते ते बघा.
- भारतात जायच्या आदल्या रात्री, सामान बांधता बांधता, तर मुळीच करू नका.

आपल्यापैकी बरेच जण जुना लॅपटॉप पुण्याला, नाशिकला आईबाबांसाठी नेऊन देतात आणि इथून दूरस्थ जोडणीने त्याची देखभाल करतात. तिथे फर्मवेअरचे काम इथून करू नका. मध्येच वीज गेली, बॅटरी जुनी असली, की लॅपटॉपही गेला आणि आईबाबांचा नातवंडांशी रविवारचा व्हिडिओ कॉलही गेला. नेण्याआधीच अपडेट करून द्या.

कपाटातला लॅपटॉप

एसएसडीतला डेटा म्हणजे पेशींत अडकवून ठेवलेला विद्युतभार. वीज न मिळता खूप काळ पडून राहिली तर तो हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीने तिचे ठरलेले लिखाण पूर्ण झाल्यानंतरही ३० अंश तापमानात बंद अवस्थेत एक वर्ष डेटा टिकवायचा असतो. तुमची ड्राइव्ह एवढी झिजलेली नसेल, त्यामुळे प्रत्यक्षात बराच जास्त काळ टिकते. पण उष्णता वाढली की गळतीही वाढते. म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेला लॅपटॉप ही फोटो जपायची जागा नव्हे. दूर ठेवायची प्रत साध्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि वर्षातून एकदा चालवून बघा.

झिजेची भीती किती बाळगायची?

फार नाही. १ टीबीच्या बऱ्याच टीएलसी ड्राइव्हची हमी ६०० टीबी लिखाणाची असते. रोज २० जीबी लिहिले तरी ३०,००० दिवस, म्हणजे ऐंशी वर्षांवर! क्यूएलसीची २०० टीबी धरली तरी सत्तावीस वर्षे. झिजण्याआधी लॅपटॉपच जुना होईल. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ड्राइव्हची प्रकृती आणि फर्मवेअरचा क्रमांक दोन्ही दाखवते. पण वर दिलेल्या यादीतल्या कित्येक ड्राइव्ह आदल्या दिवशीपर्यंत ठणठणीतच दिसत होत्या, हे विसरू नका.

आणि ढकलपत्रांवर विश्वास ठेवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये "विंडोजचे अपडेट एसएसडी जाळते" असा निरोप सगळीकडे फिरला. मायक्रोसॉफ्ट आणि कंट्रोलर बनवणाऱ्या फायसनने तपासण्या केल्या, फायसनने तर ४५०० तासांहून जास्त. अपडेटचा तसा संबंध आढळला नाही.

थोडक्यात, घेताना काय विचारायचे?

एसएसडी काढता येते की मदरबोर्डला डकवलेली आहे? निदान ५१२ जीबी आहे का? टीएलसी की क्यूएलसी? कंपनीच्या सपोर्टच्या पानावर तीन-चार वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपची फर्मवेअर अजून येत आहेत का? यावरून पुढे काय आधार मिळेल त्याचा अंदाज येतो. आणि लॅपटॉप भारतात द्यायचा असेल तर वॉरंटी तिथे चालते का? हे सगळे जुळत असेल तर ३५०० की ७०००, याची चिंता करू नका.

सुरुवातीला सांगितलेल्या घरी आता फोटोंच्या तीन प्रती आहेत, एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक इंटरनेटवर. त्या घरच्या वहिनी आता दर महिन्याच्या एक तारखेला हार्ड डिस्क जोडतात. गेलेले फोटो मात्र परत आले नाहीत. थोडेफार नातेवाइकांच्या फोनमधून गोळा झाले, आजोबांच्या व्हिडिओंपैकी एकच मिळाला.

तेव्हा मंडळी, हा लेख वाचून झाला की एवढेच करा. आज फोटोंची प्रत काढा आणि या शनिवारी आपल्या लॅपटॉपचे सपोर्टचे पान उघडा. अडले तर पुढच्या कार्यक्रमाला लॅपटॉप घेऊन या, आम्ही बघून देऊ. फक्त आमच्यासाठी दोन भजी बाजूला काढून ठेवा!